टपाला खिडक्या पाडा, आणि रीसेलचं भूत उतरवा

आपल्या मंडळींपैकी कुणी जुनी डिफेंडर घेतली की पहिले चार महिने कौतुकाचे असतात. पाचव्या महिन्यात तो माणूस हळूच विचारतो, की मागे फार अंधार होतो, टपाच्या कडेला त्या छोट्या आडव्या खिडक्या असतात तशा बसवून घेतल्या तर? मग जे होतं ते तुम्ही पाहिलं असेल, कदाचित केलंही असेल. एक म्हणतो, गळेल. दुसरा म्हणतो, कायद्यात बसत नाही. आणि उरलेले सगळे, चहाचा कप खाली ठेवून, एका सुरात म्हणतात: अरे, रीसेल व्हॅल्यूचं काय?

हा लेख त्या उरलेल्या सगळ्यांच्या विरोधात आहे. गळण्याची भीती खरी आहे, तिच्याकडे येतोच. कायद्याचीही थोडी आहे. पण रीसेलचा मुद्दा हा मुद्दाच नाही. ते एक भूत आहे आणि आपण ते विमानातून सोबत आणलं आहे.

आधी एक स्पष्ट करून टाकतो. मी बोलतोय ते जुन्या गाडीबद्दल. २९ जानेवारी २०१६ला सॉलिहलच्या कारखान्यातून जिची शेवटची प्रत बाहेर पडली ती, शिडीसारख्या लोखंडी चासीवर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बोल्टांनी बसवलेली. टाटांच्या मालकीखाली नव्याने आलेली, स्लोव्हाकियात बनणारी डिफेंडर ही निराळी वस्तू आहे. तिला कारखान्यातूनच मागच्या बाजूला टपाच्या खिडक्या मिळतात, आणि तिच्या टपाला करवत लावू पाहणाऱ्याशी माझंही भांडण आहे. ते पुढे.

‘ओरिजनल’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. बिनखिडकीची बंद डिफेंडर म्हणजे ओरिजनल, आणि तिला खिडक्या पाडणं म्हणजे विटंबना, अशी एक समजूत आहे. इतिहास पाहा. लँड रोव्हर १९४८मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली ती शेतकऱ्याचं अवजार म्हणून. युद्धानंतर पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं. त्याच वर्षी कंपनीने टिकफर्डकडून बांधून घेतलेली सात माणसांची स्टेशन वॅगनही काढली. खिडक्या, गाद्या, सगळं. ती चालली नाही. ७००सुद्धा बनल्या नाहीत. महाग होती हे एक कारण, आणि ती महाग असण्याचं एक कारण असं, की साध्या लँड रोव्हरला कामाचं वाहन म्हणून परचेस टॅक्स लागत नसे आणि माणसं नेणाऱ्या या गाडीला लागत असे.

म्हणजे मागच्या भागाला खिडकी नसणं हा सौंदर्याचा निर्णय नव्हता, तो बराचसा कराचा होता. पुढे कंपनीने लांब गाडीत बारा सीटा बसवल्या, कारण बारा माणसांची गाडी कायद्याने बस ठरत होती आणि करातून सुटत होती. बारा माणसं त्या गाडीत कशी बसत असतील याची कल्पना ज्यांनी काळी-पिवळी ट्रॅक्समधून प्रवास केला आहे त्यांनाच येईल. आजही ब्रिटनच्या व्हॅटच्या नियमात मोटार कशाला म्हणायचं हे ठरवताना ड्रायव्हरच्या मागे बाजूच्या खिडक्या आहेत का, हे पाहिलं जातं. तेव्हा बंद डिफेंडरचं ‘शुद्ध रूप’ म्हणून ज्याची पूजा चालते त्यात करखात्याचा वाटा इंजिनिअरइतकाच आहे. करखात्याबद्दल इतकी श्रद्धा आपल्यात एरवी दिसत नाही.

आणि टपाच्या खिडक्या? त्या या गाडीच्या घराण्यातल्याच आहेत. स्टेशन वॅगनच्या टपाला, जिथे छत वळून भिंतीला मिळतं त्या वळणावर, त्या कितीतरी दशकं होत्या. त्यांना अल्पाइन लाइट म्हणतात, कारण घाटातून जाताना मागच्या माणसाला वर डोंगर दिसावा ही कल्पना. फोक्सवॅगनच्या तेवीस खिडक्यांच्या सांबा बसमध्ये टपाच्या वळणावर अशाच आठ होत्या. १९८९ची पहिली डिस्कव्हरी आली तीही त्या घेऊनच. त्यामुळे बंद डिफेंडरला अल्पाइन खिडक्या बसवणारा माणूस परकं काही आणत नाही. तो त्याच गाडीच्या मोठ्या बहिणीचे दागिने तिला घालतो आहे.

आता मूळ प्रश्न, जो या चर्चेत कुणी विचारतच नाही. मागे बसतं कोण?

पुढे आपण बसतो. स्टिअरिंग आपल्या हातात, समोर भली मोठी उभी काच. मागे बसतात आई-वडील, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आलेले. मागे बसतात मुलं. लंडनला डिसेंबरच्या शेवटी दिवस आठ तासांचाही नसतो, आणि एडिंबराकडे सात तासांच्या आसपास. त्यात ढग. अशा दिवशी आपण हौसेने सगळ्यांना लेक डिस्ट्रिक्टला नेतो, हार्डनॉट पासवर चढवतो, जिथे रस्ता तीनास एक चढतो, आणि पुढून ओरडतो, "बाबा, बघा काय व्ह्यू आहे!" बाबांना दिसते ती समोरच्या सीटची पाठ आणि करड्या रंगाचा पत्रा. दुसऱ्या वळणाला आईला मळमळायला लागतं. गाडी लागते ती डोळ्यांचं आणि कानातल्या तोलाचं जुळत नाही म्हणून; शरीराला वळण कळतं, डोळ्यांना हलता डबाच दिसत नाही. बाहेरचं काहीतरी स्थिर दिसलं, डोंगराची कड दिसली, तर पुष्कळांना बरं वाटतं. अल्पाइन खिडकी हे काही त्यावरचं औषध नाही. पण मागच्या डब्यात उजेड आला, आणि मान किंचित वर केली की कडा दिसली, तर प्रवास वेगळा होतो.

आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागावं याचंच मला नवल वाटतं. कोकणातल्या जुन्या घरात माजघर अंधारं असायचं, तेव्हा कौलांमध्ये एक काचेचं कौल घालत. सगळं छप्पर तसंच, फक्त एका कौलाच्या जागी काच. तिथून पडलेला उजेडाचा पट्टा दुपारभर जमिनीवरून सरकत जायचा आणि त्यात निवडणं-टिपणं चालायचं. ते कौल घालताना घराची रीसेल व्हॅल्यू कुणी काढली होती?

काढली नव्हती, कारण घर विकायचं नव्हतं. आणि इथेच आपलं बिनसलं आहे. इथे आल्यापासून आपण प्रत्येक वस्तू विकायच्या बेतानेच विकत घेतो. घराच्या भिंती पांढऱ्याच ठेवायच्या, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला पिवळ्या आवडणार नाहीत. बागेत आंब्याच्या जागी लावलेलं सफरचंदाचं झाडसुद्धा ‘ग्राहक काय म्हणेल’ या हिशोबात. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक आपण काढत नव्हतो, ते निदान काटकसरीचं होतं; वस्तू टिकावी म्हणून. आताची ही तऱ्हा काटकसरीची नाही. वस्तू आपली असताना ती एका अनोळखी माणसासाठी सांभाळत राहायची, आपण तिचे मालक नसून राखणदार. पंधरा वर्षं आईने अंधारात बसायचं, का, तर सोळाव्या वर्षी येणाऱ्या कुणाला तरी टप अखंड मिळावा.

बरं, हिशोबच करायचा तर नीट करा. जुन्या डिफेंडरचा टप बोल्टांनी बसवलेला असतो, समोरच्या काचेच्या चौकटीला आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना. आतलं छताचं अस्तर काढलं, बोल्ट सोडवले, चार माणसं लावली, की तो उचलून बाजूला ठेवता येतो. खिडक्यांसकट असलेला स्टेशन वॅगनचा जुना टपही बाजारात मिळतो. ज्यांना रीसेलची फारच धास्ती आहे त्यांनी तसा टप आणून चढवावा आणि मूळचा गॅरेजच्या भिंतीला टांगून ठेवावा. विकायच्या दिवशी परत बसवा. इतकं उलट फिरवता येणारं काम दुसऱ्या कुठल्या गाडीत मिळणार आहे? ज्या गाडीचा दरवाजा पाच मिनिटांत बिजागरीवरून उचलता येतो तिच्यापुढे अखंडत्वाच्या गप्पा मारणं मला विनोदी वाटतं.

मी मात्र आहे त्याच टपाला काच बसवण्याच्या बाजूचा आहे. जुना टप आपल्यासोबत आपले पोचे आणि आपली जुनी रबरं घेऊन येतो.

आता गळण्याचं. गळतात. डिस्कव्हरीच्या अल्पाइन खिडक्या गळण्याबद्दल इतक्या कुप्रसिद्ध आहेत की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ‘गळतात’ म्हणून थांबणं हे आळशी माणसाचं बोलणं झालं. का गळतात? रबर उन्हाने कडक होतं आणि आकसतं. ते कोपऱ्यात आधी सुटतं. खाली कापलेली कड नागडी राहिली असेल तर तिथे ओल बसते. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, पांढरी भुकटी धरतं, रंगाला फोड आणतं, आणि तो फोड रबराला उचलतो. त्यात कुणी साधे लोखंडी स्क्रू मारले असतील तर बघायलाच नको. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच, आणि त्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. रत्नागिरीला खाऱ्या वाऱ्याने पत्र्याचं काय होतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे नव्याने शिकायला नको.

म्हणजे गळती ही कामाची चूक आहे, कल्पनेची नाही. आणि काम अवघड नाही, सावकाश करण्याचं आहे. आधी आतून पाहा, आडव्या आधाराच्या पट्ट्या कुठे आहेत. त्यांच्यामधल्या जागेतच खिडकी बसली पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा करा, एका बाजूला आखून झाला की तोच उलटा करून दुसऱ्या बाजूला. पत्र्यावर दोन्हीकडून चिकटपट्टी लावा म्हणजे करवतीचा पाया रंग ओरबाडणार नाही. आणि मग कोपरे. कोपरा कधीही काटकोनात कापायचा नाही. आधी चारही कोपऱ्यांना गोल भोक पाडायचं आणि करवत एका गोलातून दुसऱ्या गोलापर्यंत न्यायची.

हा गोलाईचा आग्रह कशासाठी ते ऐका, कारण यात माणसांचे जीव गेले आहेत. १९५४च्या जानेवारीत कॉमेट जातीचं एक जेट विमान इटलीच्या एल्बा बेटाजवळ हवेत फुटलं. पस्तीस माणसं गेली. समुद्रातून अवशेष काढून जोडले तेव्हा दिसलं की भेग सुरू झाली होती ती विमानाच्या छतावरच्या, अँटेनासाठी ठेवलेल्या खिडकीच्या कोपऱ्यापाशी. छतावरच्या खिडकीच्या. दर उड्डाणाला आतल्या दाबाने पत्रा ताणला जायचा आणि सगळा ताण कोपऱ्यात गोळा व्हायचा. तुमच्या गाडीत दाब नसतो, ती आकाशात फुटणार नाही. पण खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि एक खाली गेलं की चासी पिळवटते, तिच्यावरचं अंगही पिळवटतं, आणि तो पीळ टोकदार कोपरा शोधतोच. दोन हिवाळ्यांनंतर केसासारखी भेग दिसते, आणि मग लोक म्हणतात, बघ, सांगितलं होतं.

कापून झालं की कानस घ्या. कड बोट फिरवून गुळगुळीत लागली पाहिजे. पत्र्याचा चुरा दर कापानंतर ब्रशने आणि व्हॅक्युमने काढा. टपावर राहिलेला लोखंडी कण एका रात्रीत तांबडा डाग देतो. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर साधा रंग धरत नाही, आधी एच प्रायमर लागतो, मग रंग, आणि रंग पूर्ण वाळू द्यायचा. ही पायरी गाळली जाते. एका दिवसात चार खिडक्या बसवून देणाऱ्या गॅरेजांना रंग वाळायची वाट परवडत नाही. अशा एका ठिकाणाहून परत आलेली गाडी मी आतून उघडून पाहिली आहे. कडा नागड्या होत्या, त्यावर सिलिकॉन थापलेलं, आणि अस्तराच्या मागे ओला कापूस. पैसे मात्र पूर्ण घेतले होते. हे काम स्वतः करा म्हणतो त्याचं हेच कारण आहे. तुम्ही अधिक कुशल आहात म्हणून नव्हे, तुम्हाला घाई नाही म्हणून.

काच रबरात बसवायची की चिकटवायची यावर दोन तट आहेत. रबराच्या पट्टीत काच बसवून वर कुलूपपट्टी ओढणं ही जुनी रीत, आणि पुढे रबर बदलता येतं. पॉलियुरेथेनने चिकटवलेली काच दिसायला सपाट आणि छान, पण त्या चिकट्याला ऊन सोसत नाही. म्हणून काचेच्या कडेला भाजलेला काळा पट्टा असावा लागतो, जो चिकट्याला झाकतो. तो नसलेली काच स्वस्तात मिळते. घेऊ नका. काच गाडीचीच, टफन केलेली, कोपऱ्यात मान्यतेचा शिक्का असलेली घ्या. घरातल्या खिडकीची कापून आणण्याचा सल्ला मी आपल्याच माणसाकडून ऐकला आहे. ती फुटली तर तिचे सुरे होतात, आणि ते मागच्याच माणसाच्या डोक्यावर पडणार.

आता ज्यांच्याशी माझं भांडण उलट बाजूने आहे ते. नव्या गाडीत, जिला स्वतंत्र चासी नाही, टप हा सांगाड्याचाच भाग आहे, तिथे बाजारातला मोठा सनरूफ कापून बसवणारे. तिथे टपाच्या कडेने अपघातात उघडणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅग गुंडाळून ठेवलेल्या असतात. गाडी उलटली तर वजन पेलणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात. ते कापून त्या जागी काच, तिची मोटर आणि चौकट बसवली की ताकद कमी केली आणि वर काही किलो वजन चढवलं, तेही सगळ्यात उंच जागी, जिथे डोंगरउतारावर ते नको असतं. शिवाय सनरूफच्या पन्हाळीतलं पाणी खांबांमधल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. पानगळीत नळी तुंबली की ते पाणी पायाशी येतं, किंवा त्याहून वाईट, वायरींच्या जोडांवर. हे सगळं डोक्यावर आकाश दिसावं म्हणून, पुढे बसणाऱ्याच्या डोक्यावर. मागच्यांचा विचार तिथेही नाहीच.

मागच्यांबद्दल आणखी एक. जुन्या डिफेंडरमध्ये मागे समोरासमोर बाक असतात. खिडक्या पाडल्या, उजेड आला, म्हणून लहान मुलांना तिथे बसवू नका. आडव्या तोंडाच्या सीटवर मुलांची सीट लावायला ब्रिटनमध्ये बंदीच आहे. आधी पुढे तोंड करणाऱ्या, पट्ट्यांच्या सीटा, मग खिडक्या. हा क्रम उलटा करणाऱ्याला माझा पाठिंबा नाही.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला आधी कळवा. २०१२च्या कायद्याने विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं देणं तुमची जबाबदारी आहे, आणि ‘गाडीत काही बदल?’ हा प्रश्न त्या फॉर्मवर असतोच. बाजूलाही खिडक्या पाडल्या तर गाडीचा प्रकार बदलतो, तो डीव्हीएलएला कळवावा लागतो. गाडी धंद्याच्या नावावर असेल आणि व्हॅट परत घेतला असेल तर कात्रीला हात लावण्याआधी अकाउंटंटला फोन. आखातातल्या वाचकांनी लेखी परवानगीशिवाय काहीच करू नये. आणि कृपा करून हा लेख पुण्यातल्या भाच्याला पाठवून त्याच्या थारला करवत लावायला सांगू नका. भारतात मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये बजावलं आहे. त्याला दंड होईल आणि वहिनी तुम्हाला बोलतील.

राहता राहिला मुहूर्त. इथे मे ते सप्टेंबर. पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने धरतं, पण थंडीत ते धरायचं नाव घेत नाही, आणि ओल्या पत्र्यावर प्रायमर वाया जातो. एक शनिवार कापायला आणि कानशीला, आठवडाभर रंग वाळायला, दुसरा शनिवार काच बसवायला. वडील तेव्हा आलेले असतील तर त्यांना साचा धरायला उभं करा. पत्र्याच्या कामाला एक माणूस आतून आणि एक बाहेरून लागतोच. अस्तर लगेच लावू नका. आधी पाणी मारून बघायचं. नळाचा पाईप दुसऱ्याच्या हातात द्या, दाब कमी ठेवायला सांगा, खालच्या कडेपासून सुरुवात करून वर जायचं, एकेका खिडकीवर पाच-पाच मिनिटं. तुम्ही आत बसा, टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन, आणि कोपऱ्यांना टिपत राहा.